गल्लीच्या तोंडावरचा माणूस

"येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस्स."

आणि मग गाडीच्या पाठीवर तळहाताच्या दोन थापा. गाडी सिमेंटच्या मिक्सरची असो, क्रेन असो की माझी स्कूटर असो, थापा ठरलेल्या. गोठ्यात बांधलेल्या बैलाच्या पाठीवर जाता जाता हात टाकावा, तशा.

आमच्या गल्लीसमोरच्या मोठ्या रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं, तेव्हाची ही गोष्ट. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. केशरी जॅकेट, एका हातात लाल बावटा, दुसऱ्या हातात हिरवा. आपण त्यांच्याकडे पाहतो तेव्हा आपल्याला नेमका उशीर झालेला असतो, त्यामुळे त्यांचा चेहरा काही आपल्या लक्षात राहत नाही. यांचा राहिला, कारण पुलाचा बराच काळ ते आमच्या गल्लीच्या तोंडावर उभे होते. गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही भाऊच म्हणते.

काम एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. मोठा रस्ता पत्रे लावून अर्धा बंद केलेला, त्यामुळे सगळी वाहतूक आमच्या गल्लीतून वळवलेली. त्यातच साइटचे मिक्सर मागे घ्यायचे, लोकांच्या गाड्या पुढे काढायच्या, मजुरांच्या मोटारसायकली कुणाच्या फाटकासमोर लागू द्यायच्या नाहीत, आणि सकाळ-संध्याकाळ मजुरांची बस नीट भरायची, नीट रिकामी करायची. हे सगळं एकटे भाऊ पाहायचे. वय पन्नाशीच्या पुढचं, अंग सडसडीत, आवाज मात्र शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा. गाव कुहीकडचं. घरी थोडं धानाचं शेत होतं, ते आता धाकटा भाऊ पाहायचा.

उन्हाळ्यात नागपूरचा रस्ता कसा तापतो ते तुम्हाला सांगायला नको. भाऊ डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळायचे आणि खिशात कांदा ठेवायचे. लू लागू नये म्हणून. दुपारी समोरच्या काकू पन्हं पाठवायच्या, तर आधी मिक्सरच्या ड्रायव्हरला अर्धं द्यायचे. "तो भट्टीत बसून राहिला ना ताई. मी तं मोकळ्या हवेत आहो," म्हणायचे. मोकळी हवा म्हणजे धूळ आणि डिझेलचा धूर.

कुणाशी भांडताना मी त्यांना पाहिलं नाही. एकदा एका तरुणाने मोठी काळी गाडी थेट लाल बावट्यापुढे आणून लावली आणि काच खाली करून म्हणाला, "तू मुझे जानता नहीं क्या?"

भाऊ खिडकीपाशी गेले. "नाही ना भाऊ. आता ओळख करून घेऊ. कोठचे तुम्ही? घरी कोण कोण असते?"

तो तरुण बघतच राहिला. तोवर मागून मिक्सर वळून निघून गेला. भाऊंनी हिरवा बावटा दाखवला. "झाली ओळख. या आता."

आमची त्यांच्याशी ओळख झाली ती मात्र गाडी न हलवण्यावरून. आमच्या फाटकासमोर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, जुनी पांढरी मोटार उभी होती. सासूबाई गेल्यापासून ती हलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाबाही फारसे हलले नव्हते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कडक माणूस, पण त्या दिवसांत सकाळी ओट्यावर येऊन बसायचा आणि ऊन पायाशी आलं की आत जायचा. बोलणं जेवणापुरतं.

गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या समाजभवनाच्या मैदानात ठेवायची सोय भाऊंनी लावून दिली होती. समाजभवनाच्या मंडळींना भेटून, कंपनीकडून तिथे मुरूम टाकून घेऊन, रखवालदार बसवून. सगळ्यांनी गाड्या नेल्या. बाबांनी नेली नाही.

"गाडी इथेच राहील," बाबा ओट्यावरून म्हणाले. "तुमच्या पुलाच्या आधीपासून ती इथे आहे."

"बरोबर आहे बाबूजी. पूल मागून आला." भाऊ पायरीवर बसले. "पण मिक्सर वळून नाही राहिला. उद्या कोणी घासली तं मी तुमाले तोंड कसं दाखवू?"

"ती सुरू होत नाही."

"नका करू सुरू. आम्ही ढकलतो. तुम्ही फक्त स्टेअरिंगवर बसा. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती काहून द्यायची?"

बाबा उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

तो प्रसंग गल्लीत अजून निघतो. मागून मजूर ढकलताहेत, बाया डोक्यावरची घमेली उतरवून हसताहेत, आणि भाऊ दोन्ही बावटे काखेत मारून गाडीपुढे उलटे चालताहेत, "येऊ द्या… येऊ द्या…" बाबा ताठ बसलेले. वळणावर गाडीचा दिवा लागेना, तेव्हा त्यांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढून, जुन्या पद्धतीने, वळत असल्याची खूण केली. मागे एकही गाडी नव्हती. भाऊंनी तरीही रस्त्याकडे पाहून हिरवा बावटा दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गाडी पाहायला म्हणून मैदानापर्यंत चालत जाऊ लागले. येताना गल्लीच्या तोंडावर थांबायचे. भाऊ त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची सावलीत सरकवून ठेवायचे. दोघांचं काय चालायचं कोण जाणे. घरी आल्यावर बाबा सांगायचे की भिवापूरच्या मिरचीला यंदा रंग चांगला आहे, की कुहीकडे धानाची रोवणी लांबली. आम्ही तोंडात बोट घालायचं बाकी ठेवलं होतं.

मजुरांची बस म्हणजे कुठल्यातरी शाळेची मोडीत काढलेली पिवळी गाडी. सकाळी कुहीकडच्या गावांतून माणसं घेऊन यायची, संध्याकाळी सोडायची. भाऊही तिनेच यायचे-जायचे. बसमध्ये कुणी उभं राहिलेलं त्यांना चालायचं नाही. बाया पुढच्या सीटांवर, म्हातारे खिडकीशी. जागा नसली तर भाऊ दुसऱ्या खेपेसाठी खाली उतरवायचे, आणि बहुतेक वेळा उतरणारे ते स्वतःच असायचे.

"दाबून बसवा ना गा," ड्रायव्हर कुरकुरायचा. "रोज दुसरी खेप कोण मारते?"

"तू मारतं," भाऊ शांतपणे सांगायचे. "माणसं आहेत गा ते. रेती नाही."

मग तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्लॅबचं काम होतं आणि आदल्या सकाळी बस वाटेतच मोडून पडली. साइटच्या मॅनेजरने मजुरांना आणायला रिकामा टिप्पर पाठवला. भाऊ त्या दिवशी आधीच्या एसटीने येऊन गल्लीत उभे होते. टिप्पर आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघत होते. मागच्या उघड्या हौदात माणसं दाटीने उभी, बाया एकमेकींच्या खांद्याला धरून. भाऊंनी मागचं फळकं उघडून एकेका बाईला हात देऊन खाली उतरवलं. दिवसभर त्यांनी कुणाशी गप्पा मारल्या नाहीत, असं बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी परतले तेव्हा गल्लीच्या तोंडावर गर्दी होती. टिप्पर मजुरांना घेऊन जायला उभा, आणि त्याच्यापुढे लोखंडी अडसर आडवा घालून भाऊ उभे. मागेपुढे गाड्या खोळंबलेल्या. भाऊंनी वाहतूक अडवलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

मॅनेजर तरुण मुलगा होता, वाईट नव्हता, पण स्लॅबच्या काळजीने पार पिळून निघालेला. "भाऊ, एका दिवसाचा प्रश्न आहे. बाजूला व्हा."

"साहेब, सकाळी आले, नशीब. आता अंधारात हायवेनं नाही जाऊ देणार."

"मग यांना काय इथे झोपवू? बाजूला व्हा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाही येणार," भाऊ म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "पण आज हे गाडी माणसं घेऊन नाही जाणार."

मग टिप्परमधून एक वयस्क बाई पदर खोचून खाली उतरली आणि भाऊंच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मी पायी जाईन," ती म्हणाली. तिच्यामागून बाकीच्या उतरू लागल्या.

कुही काही पायी जायच्या अंतरावर नाही. ते भाऊंनाही कळत होतं. त्यांचा अडसराला धरलेला हात सुटत नव्हता, पण पुढे काय करायचं ते त्यांच्याजवळ नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हा सावलीतल्या खुर्चीवरून बाबा उठले. गल्लीत शाळेच्या मुलांच्या व्हॅन चालवणारे एक गृहस्थ राहतात. पार्किंगवरून त्यांचं भाऊंशी अगदी सुरुवातीला वाजलं होतं. बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या व्हॅन मैदानात उभ्या आहेत ना? काढा." मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझी गाडीही काढ. मी येतो बरोबर."

एवढंच. पण कचेरीत असताना बाबा कसे असतील ते मला त्या दिवशी कळलं. व्हॅन निघाल्या, मागोमाग गल्लीतल्या आणखी दोघातिघांनी आपापल्या गाड्या काढल्या. भाऊंनी अडसर बाजूला केला, सगळ्यांना बसवून दिलं, दारं स्वतः लावली. खोळंबलेली वाहतूक मोकळी केली. मग जॅकेट काढून, घडी घालून मॅनेजरच्या हातात दिलं आणि शेवटच्या, म्हणजे आमच्या गाडीत बाबांशेजारी बसले.

वाटेत ते बाबांशी बोलले. त्यांची धाकटी बहीण लग्नाआधी भिवापूरकडे मिरची तोडायला जायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्याने. एका वळणावर ट्रॉली कलंडली. "मीच चढवून दिलं होतं तिले," भाऊ म्हणाले होते. "जागा नव्हती, तं म्हटलं, सरकून घे थोडीशी." बाबांनी हे आम्हाला सांगितलं आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. त्यांच्या जागी उभा केलेला माणूस भला होता, पण मिक्सर आणि शाळेची रिक्षा एकाच वेळी गल्लीत शिरली आणि दुपारपर्यंत कुणालाच कुठे जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा साइटच्या कचेरीत गेले. सोबत व्हॅनवाले आणि पन्हंवाल्या काकूही गेल्या.

"तो माणूस हट्टी आहे हो," मॅनेजर म्हणाला.

"आहे," बाबा म्हणाले. "आम्हालाही तोच पाहिजे."

मॅनेजरने बसच्या ड्रायव्हरला हाक मारून विचारलं की बस दुरुस्त झाली का. झाली होती. "तर मग उद्या येताना भाऊंना घेऊन ये," तो म्हणाला. त्यानंतर मजुरांसाठी टिप्पर कुणी कधी मागवला नाही.

पूल पुरा व्हायच्या आधीच भाऊंची बदली झाली. आधी कुणाला सांगणं नाही, निरोप नाही. एका सोमवारी तिथे दुसराच माणूस उभा होता. विचारलं तर म्हणाला, पारशिवनीच्या रस्त्याचं काम निघालंय, तिकडे पाठवलं. बाबा काही दिवस तरीही सावलीत बसून आले. नंतर पत्रे निघाले, रस्ता मोकळा झाला, गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या. गल्ली पूर्वीसारखी शांत झाली, आणि बाबांना ती शांतता मानवली नाही असं मला उगाच वाटतं. त्या थंडीत ते गेले. झोपेतच.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या कामासाठी मी पारशिवनीला निघाले होते. वाटेत रस्ता एका बाजूने खणलेला, एकेरी वाहतूक. आमची गाडी थांबवणारा हात मी लांबूनच ओळखला. काच खाली केली. भाऊ वाकले, आणि चेहरा एकदम उजळला.

"ताई, तुम्ही? इकडं कुठी?" आणि मी काही सांगायच्या आत, "बाबूजी कसे आहेत?"

मी सांगितलं.

भाऊ सरळ उभे राहिले. त्यांनी डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं. भर दुपारच्या उन्हात, रस्त्याच्या मधोमध, उघड्या डोक्याने ते नुसते उभे राहिले. इकडच्या गाड्याही थांबलेल्या, तिकडच्याही. कुणीतरी हॉर्न वाजवला, मग आणखी कुणी. त्यांना ऐकू गेलं असेल असं वाटलं नाही.

मग त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला, समोरच्या गाड्यांना हाताने थोपवलं आणि माझ्या खिडकीशी पुन्हा वाकले.

"सावकाश जाजा ताई," ते म्हणाले. "पुढं रस्ता खराब आहे."