आत्या जवळा खाते

माझ्या आत्याइतकी दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करणारी बाई अख्ख्या कोकणपट्टीत झाली नसेल. भेटल्यावर लोक खुशाली विचारतात; आत्या विचारायची, "सकाळपासून काय खाल्लंस?" लग्नघरात नवरी राहायची बाजूला, ही आधी कडेवरची पोरं शोधायची आणि अंगठ्या-बोटाचं कडं करून एकेकाचा दंड त्यात धरून बघायची. रेवसच्या लाँचमध्ये तिनं एका अनोळखी लेकराचा दंड असाच धरला. दृष्ट लागेल म्हणून त्याची आई पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आत्या धक्के खात तिथवर पोचली, "नुसतं डाळीचं पाणी देऊ नकोस गं, खालची डाळ दे," एवढं सांगून आली. माझा दंड तिनं एकदाच धरला. कडं जुळेना. "तुझी काळजी मिटली," म्हणाली, आणि खरंच पुन्हा कधी केली नाही.

ऐन तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी, काशीदजवळच्या आमच्या गावी परतली होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तालुक्याला महिनाभर शिकून आली आणि कोळीवाड्यातल्या आयांना पोरांचा आहार शिकवू लागली. चातुर्मासात कांद्याला न शिवणारी ही बाई सुक्या मासळीच्या वासानं नाकाला पदर लावून सांगायची, "जवळा भाजा, कुटा आणि चमचाभर पेजेत घाला."

तिथल्या चांगुणेची पोर दीड वर्षाची झाली तरी बसत नव्हती. रडायची, पण आवाज फुटायचा नाही. अंगणात जवळा वाळायचा, तो बोर्लीच्या बाजारात जायचा; पोरीच्या तोंडी पेजेचं वरचं पाणी. मी मुंबईहून रजेवर आलो होतो आणि आत्याच्या मागे छत्री धरून उभा होतो.

"येवऱ्या पोराला मासली देत न्हाय, बाय. पोट बिघरतं," चांगुणा म्हणाली.

"नाही बिघडत."

"तुमी खाल्लाव कदी?" शेजारची म्हातारी फिसकन हसली. "नाक झाकून सांगता, आनि आमी पोरांना घालायचा?"

बायका खिदळल्या. आत्या मात्र त्या पोरीकडे बघत होती. मग तिनं नाकावरचा पदर खाली घेतला, जमिनीवर फतकल मारली आणि म्हणाली, "आण वाटी."

अख्खी वाटी संपवली तिनं. डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी हात धुऊन म्हणाली, "मीठ कमी आहे." आता कुणी हसलं नाही.

"उंद्या तुमचा पोट बराबर असला, त पोरीला देन," चांगुणा म्हणाली.

आम्ही घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. आजोबांनी आवाज चढवला नाही. "हिचं पान आजपासून ओटीवर," एवढंच म्हणाले. मुंबईत दर शनिवारी खाणावळीत तळलेले बोंबील हाणणारा मी त्यांच्या पंगतीत मान खाली घालून बसलो आणि ताकभात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आत्या चांगुणेच्या दारात धडधाकट उभी राहिली. पोरीनं पहिला घास थुंकला, दुसरा गिळला. आत्या महिनाभर रोज जात होती. शिमग्याला पोर बसली. पुढच्या नारळी पौर्णिमेला आईचं लुगडं धरून उभी राहिली, हे आत्यानं मला एका दमात तीनदा सांगितलं. असं मी तिला त्या एकाच वेळी पाहिलं.

आजोबा गेले, तरी तिला आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ती म्हणायची, "इथं वारा चांगला येतो." माझे केस पिकू लागले तेव्हा कुठे एका दुपारी मी माझं ताट उचलून ओटीवर गेलो आणि बोंबलांचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "भात निवला असेल तुझा. खा."

आणि तिनं आपलं ताट जरासं सरकवून मला जागा करून दिली.