पिशवीतला गोटा

आमच्या लंकाबाईला कामाचा कटाळा कधीच नव्हता, पर कामानं तिला पार पिळून काढलं व्हतं. कळंबच्या अंगणवाडीत ती शिकवायची, मी मदतनीस. पोलिओचा डोस तिनंच पाजायचा, वजनं तिनंच घ्यायची, रजिस्टरं तिनंच भरायची. मी म्हणायची, "बाई, जरा बसा की." तर म्हणायची, "बसले तर उठायची नाय, साळुबाई."

त्यात कांदं निवडायला जाणाऱ्या भागूची हर्षाली, पाच वर्षांची. भिंतीवरच्या तक्त्यात आंबा दाव म्हटलं की नुसती उभी. वरीसभर बाई तिच्यावर वरडली. जूनला पोर पहिलीत जायची, पर बाईनं ठरवलं, भागूला सांगायचं, पोर मंद हाय, यंदा घालू नको. मला काय ते पटंना. हीच पोर आईसंगं ढिगावर कांदं निवडायची. मान मऊ लागली की सडका म्हणून कांदा बाजूला! समदी म्हणायची, लई गुणाची पोर.

अठ्ठ्याण्णवचा एप्रिल. बाईनं कापडी पिशवी आणली. आत गोणपाट, नदीतला गोटा, कापूस, बाजरीचं कणीस. डोळं मिटून हात घालायचा आन् खरबरीत का गुळगुळीत ते सांगायचं. पोरं लबाड, एका डोळ्यानं बघायचीच. हर्षालीनं डोळं मिटलंच नाय, तोंड वर करून बोटं फिरवली. "गोणपाट, खरबरीत. गोटा, गुळगुळीत. ह्या कणसाचं दाणं झडल्यात, बाई."

बाईनं गोटा भाईर काढून तिच्याम्होरं हातभर लांब धरला. "हे काय?"

पोर गप.

बाईनं गोटा तिच्या हातात दिला. "गोटा," पोर म्हणली.

बाई मटकन खाली बसली. "मेलं माझं कर्म! साळुबाई, हिला नीट दिसतच नाय गं. आन् मी वरीसभर हिला मंद म्हणत बसले."

तशीच उठली आन् भागूच्या ढिगावर गेली. भागू म्हणली, "काहीतरीच काय बाई, मग कांदं कसं निवडती?"

"हातानं गं, हातानं!"

दुसऱ्या दिवशी आमी चौघी मंचरला गेलो. डाक्तर म्हणलं, नंबर मोठा हाय, चष्मा लावा आन् जूनला खुशाल शाळेत घाला. भागूचा जीव भांड्यात पडला. येताना एसटीत बाईनं पोरीला मांडीवर घेतलं. "अगं, दिसत नाय म्हणून सांगायचं नाय का कधी?"

पोरीनं तोंड वर केलं. "समद्यांना असंच दिसतं ना, बाई?"

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला.