धुक्यातली भिंत

चंदना मोहिते बेंगळुरूच्या मल्लेश्वरमची. घराणं शहाजीराजांच्या काळी इकडं आलेलं. मराठी घरात, बाहेर कन्नड. बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात ती जुन्या वास्तूंचे नकाशे करते. गेलं वर्षभर तिच्या स्क्रीनवर आयर्लंडच्या समुद्रातलं एक बेट होतं. हजारेक वर्षांपूर्वी तिथं ख्रिस्ती साधू राहत. चुन्याशिवाय, नुसते दगड रचून त्यांनी घुमटासारख्या कोठड्या बांधल्या, समुद्री लुटारूंचे हल्ले सोसले आणि शेवटी बेट सोडलं. चंदना तिथं कधी गेली नव्हती, पण मठाचा दगड न् दगड तिनं रेखाटला होता.

तिचा सहकारी शंभूराज त्या बेटावर पाहणीला गेला होता. त्या संध्याकाळी तो फोनवर पडझडीची माहिती देत होता. मधेच थांबला.

“चंदनाक्का, धुकं आलं. पायाखालचं दिसत नाही. खाली होडीचा भोंगा वाजतोय, सगळे उतरले वाटतं. रस्ता सांगा.”

चंदना उभीच राहिली. “डावा हात कोठडीच्या भिंतीला लाव. सरकत जा.”

“क्रूस कोरलेला दगड लागला.”

“सरी, बरोबर. पुढं कमरेएवढी भिंत आहे. तिच्या कडेनं गेलास की पायऱ्या.”

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

“अक्का, भिंत नाहीये.”

स्क्रीनवर भिंत होती. पलीकडं सरळ कडा. पण नकाशा गेल्या उन्हाळ्यातल्या फोटोंवरून केलेला. भिंत मधे कधीतरी ढासळली असणार. अंदाजानं सांगता आलं असतं.

“मागं फिर. कोठडीत जाऊन बस.”

“होडी निघून जाईल!”

“जाऊ दे.”

“अहो, पायऱ्या कुठं आहेत एवढं तरी सांगा!”

“मला माहीत नाही, शंभू. हात जोडते, मागं फिर.”

काहीतरी खरडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

होडीवाल्यांना फोन करून, माणूस वर अडकलाय, हे तिनं कसंबसं सांगितलं. मग शंभूराजचा नंबर लावत राहिली. लागेना. नको ती चित्रं डोळ्यांपुढं येऊ लागली.

शेवटी अनोळखी नंबर वाजला. होडीवाल्यांचा वाटाड्या दोर घेऊन वर पोचला होता. त्याच्या फोनवरून शंभूराजच बोलत होता.

“वळताना मोबाइल निसटला, अक्का. पडल्याचा आवाजच आला नाही.” तो दम घेत म्हणाला, “मग रांगत कोठडीत गेलो.”



घरी परतताना चंदनाची बस रिंगरोडवर अडकली. वडिलांचा फोन आला. “स्वल्प उशीर होईल, अण्णा,” एवढंच ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून रडली.