सहावा खाडा

वडिलांच्या तेराव्याला पाहुणे जेवून उठले आणि मी बूट घालून सरावाला गेले. ही गोष्ट मी माझ्या संघातल्या पोरींना दरवर्षी पहिल्याच दिवशी ऐकवायचे. ऐकवताना मान अशी काही ताठ व्हायची, की विचारू नका. नवीन पोरी तोंड उघडं टाकून बघायच्या. जुन्या एकमेकींना कोपर मारायच्या. झालं हिचं तेरावं सुरू! त्या कुजबुजायच्या ते मला ऐकू यायचं, आणि त्याबद्दल मी त्यांना कोर्टाला दहा फेऱ्या मारायला लावायचे.

आम्ही मूळचे जतकडचे. वडील बोईसरला एका कारखान्यात लागले आणि आमचं बिऱ्हाड इकडे आलं. आमच्या घरात दिवस उगवायचा भोंग्यावर. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेन्सिलीने पुढच्या महिन्याच्या पाळ्या लिहून ठेवायचे आणि अंगात ताप असला तरी भोंग्याच्या आधी फाटकावर हजर असायचे. खाडा करणाऱ्या माणसाला ते माणूस म्हणत नव्हते. मी त्यांचीच मुलगी.

वसाहतीच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट होतं. रिंगला जाळी नव्हती आणि एका बाजूचा फळा कुजला होता. तिथे मी बास्केटबॉल शिकले. माझी उंची पाच फूट दोन इंच. पहिल्या निवडीला एक परीक्षक मला म्हणाले, "बाळ, तू खो-खो का खेळत नाहीस?" त्यांच्यासमोरच्या सामन्यात मी त्या उंच पोरींच्या काखेखालून इतक्या वेळा घुसले, की शेवटी त्यांनीच माझं नाव लिहिलं. शेजारच्या काकू आईला सांगायच्या, पोरीच्या मांड्या अख्ख्या बोईसरने बघितल्या, आता स्थळ कुठून येणार. नाही आलं. डोंबलाचं स्थळ! मी जिल्ह्याकडून खेळले, राज्याकडून खेळले, आणि सव्विसाव्या वर्षी ले-अप करून खाली उतरताना गुडघा गेला तेव्हाच थांबले. पुढच्याच महिन्यात त्याच कोर्टावर गळ्यात शिट्टी अडकवून उभी राहिले.

लोक म्हणतात, मॅडम कडक होत्या. उगाच गोड बोलतात. मी खडूस होते. माझा नियम एकच: महिन्याला पाच खाडे माफ, सहावा झाला की नाव कट. सामान ठेवायच्या खोलीत मीही एक कॅलेंडर टांगलं होतं. कोण आलं नाही ते त्या तारखेच्या चौकोनात फुली आणि आद्याक्षर, निळ्या पेन्सिलीने. वडिलांची सवय, दुसरं काय.

ती पोर माझ्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. पाम गावाच्या पुढे किनाऱ्यावर मच्छीमारांचं गाव आहे, तिथली. गावाचं नाव सांगत नाही, लगेच तिला ओळखतील. शेअर रिक्षातून उतरायची, चप्पल हातात घेऊन धावत कोर्टावर यायची. पहिल्या दिवशी मी तिला चेंडू दिला आणि मला शिट्टी वाजवायचं भान राहिलं नाही. काय हात होते त्या पोरीचे! समोर बघत असायची आणि चेंडू भलतीकडे, जिथे हवा तिथे बरोब्बर पोचलेला. असे हात शिकवून येत नाहीत. मला स्वतःला कधी नव्हते.

दोन वर्षांत ती माझ्या संघाचा कणा झाली आणि माझ्या डोक्याला तापही. कारण ती दांड्या मारायची. महिन्यात दोनदा, लागोपाठ दोन-तीन दिवस गायब. विचारलं की एकच उत्तर, "घरी काम होतं." घरी काम कुणाला नसतं? आल्यावर तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या आणि अंगाला सुक्या मासळीचा वास. आमच्या घरात मासे शिजत नसत, नुसत्या वासाने आईचं डोकं उठायचं. मीही नाक मुरडायचे. लपवून नाही, तिच्या तोंडावर.

एकदा फुल्या मारताना माझ्या लक्षात आलं. तिच्या सगळ्या फुल्या कॅलेंडरवरच्या त्या गोलांच्या आजूबाजूला होत्या. काळा गोल, पांढरा गोल. अमावास्या आणि पौर्णिमा. मला वाटलं, सापडलं हिचं बिंग! नक्की हिला कुठल्यातरी भगताकडे बसवतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी रांगेत उभ्या असताना मी तिला पुढे बोलावलं.

"काय गं, अमावास्या-पौर्णिमेला तुझ्या अंगात येतं का?"

पोरी खदाखदा हसल्या. मीही हसले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघत उभी राहिली. त्यानंतर तिने "घरी काम होतं" एवढंही सांगणं बंद केलं.

तिचं शेवटचं वर्ष आलं. एकोणीस वर्षांखालच्या राज्य निवडीला जिल्ह्याचा संघ जायचा होता, आणि त्यानंतर तिचं वय बसणार नव्हतं. ही संधी गेली की खेळ संपला, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. राज्याच्या संघात तिचं नाव येणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. त्या महिन्यात तिचे पाच खाडे झाले. मी तिला बजावलं, आता एक जरी झाला तरी बघ. आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

जिल्ह्याच्या संघाची यादी मीच करत होते, तिच्यातून मी तिचं नाव खोडलं. वाईट वाटलं नाही. उलट आतून बरं वाटलं. माझ्यापेक्षा चांगले हात घेऊन जन्मलेली पोर आणि तिला त्याची किंमत नाही, याचा मला राग होता. आज हे लिहिते आहे, पण तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेले असते.

शनिवारी सकाळी तिची आई आली. डोक्यावर पाटी, कासोटा घातलेलं लुगडं, सरळ चालत कोर्टाच्या मधोमध.

"आधी ती पाटी रेषेच्या बाहेर ठेवा," मी म्हटलं. "इथे पोरी खेळतात."

तिने पाटी रेषेच्या बाहेर नेऊन ठेवली आणि परत आली. "माज्या पोरीचं नाव का काडलं?"

मी तिला नियम सांगितला. तेवढ्यावर गप्प बसले असते तर माझं नाव कसलं! मी म्हटलं, "मुलीला भगताकडे बसवण्यापेक्षा शिकवा जरा. कुठल्या जमान्यात राहता? अमावास्या-पौर्णिमा पाळत बसता."

बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. ते हसणं अजून कानात आहे.

"अगो बाय, तू बोईसरची ना? दर्यापासून किती लांब ऱ्हातेस? अमुश्या-पुनवेला उधान असतं. पान्याला जोर असतो तवा जाल्यात मावरं येतं. होड्या भरून येतात. ते बोंबील तवाच्या तवा दोरीवर चडवायला लागतात, नाय तर सगला माल कुजतो. मदले दिस भांगाचे, पानी मंद, होड्या किनाऱ्याला. तवा आमाला काम नाय." तिने एक पाऊल पुढे टाकलं. "भांगात माजी पोर कदी घरी ऱ्हायली? सांग. एक दिस सांग!"

मी मनातल्या मनात कॅलेंडर चाळलं. एकही नव्हता.

"पाच दिसांचं काम आमी मायलेकी तीन दिसांत उरकतो. हात फाटतात तिचे. का, तर मॅडम ओरडतात. आनि तू तिला सगल्यांसमोर इचारतेस अंगात येतं का? तुज्या तोंडाला हाड हाय का नाय?"

पोरी ऐकत होत्या. सगळ्या, रांगेत. मला सगळं कळलं होतं, त्या क्षणी, लख्ख. माझा बाप भोंग्यावर जगला तशी ही माणसं भरतीवर जगत होती. तीस वर्षं समुद्राच्या शेजारी काढून मला उधाण कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं. यादी अजून माझ्या पर्समध्ये होती, ती सोमवारी कोळगावच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात द्यायची होती. "चुकलं माझं" एवढंच म्हणायचं होतं.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं, आणि शिट्टी वाजवली.

बाईने पाटी उचलली. जाताना मागे वळली आणि म्हणाली, "सोमवारपर्यंत इचार कर." त्यात विनवणी नव्हती, धमकीही नव्हती.

शनिवार गेला, रविवार गेला. मी भांडी घासताना भांडत होते, कपडे वाळत घालताना भांडत होते, त्या बाईशी, मनातल्या मनात, आणि दर वेळी तीच जिंकत होती. त्याचा आणखी राग. एका पोरीसाठी नियम मोडला तर उद्या बाकीच्या डोक्यावर बसतील, असं मी स्वतःला पटवत होते. खरी गोष्ट वेगळी होती. पोरींसमोर तिने माझं नाक कापलं होतं, आणि यादीत नाव परत घातलं असतं तर ते कापलंय हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं.

सोमवारी कोळगावला खिडकीतल्या माणसाने यादी वाचली, पेन हातात घेतलं आणि सहज विचारलं, "काही बदल आहे का मॅडम?"

"नाही," मी म्हटलं.

संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. ती पुन्हा कोर्टावर आली नाही. मी नियमही बदलला नाही लगेच, कसला बदलते! पुढच्या वर्षी गुपचूप बदलला, कारण न सांगता. तेराव्याची गोष्ट मात्र सांगणं बंद केलं. जुन्या पोरींना नवल वाटलं असेल.

यावर चार वर्षं झाली. माझा दुसराही गुडघा बोलायला लागला आणि वसाहतीतली मंडळी विचारू लागली, तुमच्यानंतर कोण? माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. गेल्या महिन्यात कॅलेंडर बघून, गोलांपासून लांबची, भांगाची तारीख धरून मी त्या गावाला गेले. तेवढी अक्कल आली होती.

किनाऱ्याला मासळी सुकवायची मोठी सिमेंटची जागा आहे. उधाणात तिथे जवळा पसरतात. त्या दिवशी ती झाडून लख्ख केलेली होती आणि चुन्याने कोर्टाच्या रेषा मारलेल्या. एका जुन्या होडीची डोलकाठी रोवून तिला रिंग ठोकली होती. दहा-बारा पोरी खेळत होत्या. शेजारी दोन म्हाताऱ्या उरलेले बोंबील दोरीला चढवत बसल्या होत्या, दोन-दोनची जोडी, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, गप्पा मारत, हाताकडे न बघता. माझ्या त्या पोरीचे हात कुठून आले होते ते मला तिथे दिसलं.

ती पोरींना पास शिकवत होती. मला बघून थांबली. अंगाने भरली होती, गळ्यात शिट्टी होती.

"मॅडम? आज कशा काय? आज ना अमावास्या ना पौर्णिमा. अंगात आलं का तुमच्या?"

पोरी हसल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, बाई गंमत करतायत म्हणून हसल्या. मी ते गिळलं. म्हटलं, "माझ्या कोर्टावर ये. माझी जागा घे. तुझ्याइतकं चांगलं कुणी नाही."

"किती खाडे चालतील?"

"तुला हवे तितके."

"मंग माज्या वेळेला का नाय चालले? एकच जास्त होता."

मी तिला खरं सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं. "मला शनिवारीच कळलं होतं गं. तुझी आई बोलली तेव्हाच. सोमवारी मी नाव घालू शकले असते."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. "आई घरी येऊन म्हणाली, मॅडमच्या तोंडावरून कळलं, त्यांना पटलंय. सोमवारी घालतील बघ नाव. म्हणून मी सोमवारी कोळगावला आले होते. पहिल्या गाडीने. फाटकापाशी उभी होते. तुमी बाहेर आलात, स्कूटरला किक मारलीत आनि माज्या समोरून गेलात. तुमाला दिसले पन नाय."

चार वर्षं मी समजत होते, की ते "नाही" फक्त मला आणि त्या खिडकीतल्या माणसाला ठाऊक आहे.

"भांगाचे दोनच दिस उरलेत," ती म्हणाली. "पोरींचा सराव घ्यायचा हाय. तुमी रेषेच्या बाहेर व्हा."

मी खाली पाहिलं. बोलता बोलता मी चपलेसकट तिच्या कोर्टाच्या आत येऊन उभी राहिले होते. मी बाहेर झाले. तिने शिट्टी वाजवली.