शेवंतीबाईंनी जमवलेलं लग्न

मुलुंडच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणाऱ्या शेवंतीबाईंचे तीन तरुण डॉक्टर दोन वर्षांत परदेशी उडाले. प्रत्येक वेळी दवाखान्याला महिनाभर कुलूप, आणि बीपीवाले म्हातारे पायरीवर बसून एकमेकांच्या गोळ्या चाखणार! म्हणून चौथी, डॉक्टर गंधाली आली तशी बाईंनी तिच्यासाठी स्थळच शोधलं. मुलगा देखणा, पालिकेत कायम नोकरीला, आणि मुख्य म्हणजे विमानाला घाबरणारा. दोघांचं जमलंसुद्धा! साखरपुड्यात बाईंनी आनंदाने चार पेढे हाणले आणि गंधालीपुढे सगळा डाव ओकून टाकला.

गंधाली हसून हसून लोळायची बाकी. "अहो मावशी, मला कुठे जायचं होतं? एकदा विचारायचं तरी!"

"विचारते कसली! आधीच्या तिघांना विचारलं होतं ना. तिघेही नाहीच म्हणाले होते!"