चौथ्या दिशेचा 'पे'

'पे' हे अक्षर दिसलं की बाईंच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. पाली ग्रंथांत तोच मजकूर पुन्हा आला की छापणारे नुसतं 'पे' घालतात. म्हणजे पुढचं आधीसारखंच, तुमचं तुम्ही म्हणा. पनवेलच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात बाई पहिल्यांदा मजकूर घेऊन आल्या, तेव्हा मी त्या 'पे'चा अर्थ शोधत बसले होते. "अर्थ कसला शोधतेस? आळस आहे तो छापणाऱ्यांचा," बाई म्हणाल्या. तेव्हापासून दुकानात त्यांचं नाव पे-बाई.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सुत्तं, म्हणजे बुद्धाची प्रवचनं, सोप्या मराठीत इंटरनेटवर टाकायचं बाईंनी मनावर घेतलं होतं. वाचायला आणि ऐकायलाही. "माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. विहारात बसून ऐकायची. तिनं पे कुठून भरायचा गं?" म्हणून बाई प्रत्येक पे उलगडून पूर्ण वाचायच्या.

रेकॉर्डिंगही माझ्याकडेच आलं, आणि कामोठ्यातल्या त्यांच्या घरी ते म्हणजे शिक्षाच. आवाज नको म्हणून पंखा बंद, तळोज्याच्या कारखान्यांचा वास सुटला की खिडक्याही बंद. मी घामानं निथळतेय आणि बाई तेच वाक्य तितक्याच मायेनं पुन्हा म्हणतायत. चारही दिशांना मैत्री पाठवायचं वाचन चाललं होतं, तेव्हा दारात करंजा बंदरावरची मासळीवाली ओरडली, "मावरं हाय, ताजं मावरं!" बाई चिडल्या नाहीत. तिला आत बसवून झालेल्या दोन दिशा ऐकवल्या.

"बाय, आमची दर्याची बाजू कंदी येल? माजा पोऱ्या बोटीवर हाय."

"चौथी तुझी," बाईंनी शब्द दिला.

तिसऱ्या दिशेला आवाज फाटला. घसा बसला असेल म्हणून आलं-मध झालं, काढे झाले. निघाला कॅन्सर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चौथी उरकूनच जाते म्हणाल्या, पण तोंडातून नुसती हवा आली. मला रडू फुटलं आणि त्यांना माझाच राग आला.

परत आल्या त्या आवाज गमावून, गळ्यात श्वासाची नळी घेऊन. मासळीवाली दारातूनच विचारायची, "झाली काय आमची बाजू?" बाई मान खाली घालायच्या. एक शब्द गाळलेला न खपणाऱ्या बाईंचं ते गप्प बसणं मला बघवायचं नाही.

एका दुपारी त्यांनी मला माइकसमोर बसवलं. "माझा आवाज नको, बाई," मी म्हणाले, "लोक तुम्हाला ऐकायला येतात." त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर अक्षर काढलं. पे. मग तेच ओलं बोट माझ्याकडे केलं.

बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मी चौथी दिशा वाचली, पूर्ण, त्यांच्यासारखी.

पावसाळ्याआधीच बाई गेल्या. मासळीवाली आता पोराच्या मोबाइलवर आपली बाजू ऐकते. परवा म्हणाली, "तुमी दोगी हाव त्यात."

खरंच आहे ते. माझ्या शब्दांमागे नळीतून येणारा श्वास ऐकू येतो. पुसून टाकायला एक मिनिट लागणार नाही. दुकानात एकटी असले की मी तो भाग लावते. भीती वाटते, तरी लावते. माझं शेवटचं वाक्य संपतं, आणि श्वास अजून चालू असतो.