युन्नानची गोवरी

हे बघा, चहा ओता, बिस्किटं घ्या, पण माझं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो घालायला नुसतं बावळट असून भागत नाही. त्याला अभ्यास लागतो!

तर आम्ही सिंगापुरात, पुंगोलला फ्लॅट घेतला. पुण्याहून आई आली, ती ठरवूनच आली की वास्तुशांत करायची आणि होमासकट करायची. बायको म्हणाली, करू या, पण आधी समोरच्या टॅन अंकलना विचारून या. आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, मधे हातभर कॉरिडॉर. आमच्या आधीच्या बिऱ्हाडानं म्हणे मिरचीची फोडणी दिली तरी अंकल खोकत बाहेर यायचे. मग होमाचा धूर? ते नको म्हणाले असते तर आईला काय तोंड दाखवलं असतं मी?

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. अंकलचं चायनाटाऊनमध्ये चहाचं दुकान होतं, एवढी माहिती मी लिफ्टमध्ये काढून ठेवली होती. शुक्रवारी ऑफिसातून येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्या चिनी चहावरचा एक व्हिडिओ बघितला आणि घोकून पाठ केला. इतिहासाच्या सनावळ्या कधी एवढ्या पाठ केल्या नव्हत्या.

अंकलच्या दारात उभा राहिलो आणि सुरू झालो. लोंगजिंग, हांगझौचा, चपट्या हिरव्या पानांचा. तिएग्वानयिन, फुजियानमधल्या आनशीचा. कीमुन, आनह्वेचा, काळा. दाहोंगपाओ, वुयी पर्वताच्या खडकांतला, लाकडासारख्या वासाचा. अंकल बघतच राहिले. त्यांची स्वतःची नातवंडं बबल टीच्या पुढे जात नाहीत, आणि हा पुण्याचा माणूस चपला न काढता आख्खा चीन फिरवून आणतोय! त्यांनी हळूच विचारलं, आणि युन्नान?

आता गंमत अशी, की व्हिडिओ युन्नानला पोचायच्या आत माझं पुंगोल आलं होतं. पण इथवर येऊन माघार घेणार तो मी कसला? मान डोलावली आणि सांगितलं, "अंकल, युन्नानची सर कशालाच नाही."

अंकलच्या डोळ्यांत पाणी आलं हो! होमाला परवानगी तर दिलीच, वर काय काय जाळणार, किती वाजता, सगळं आवडीनं विचारून घेतलं. मी त्यांना तूप, समिधा, गोवऱ्या, सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनीही हो हो केलं. घरी आलो तो कॉलर ताठ करून.

रविवारी सकाळी आठ वाजता आईनं विचारलं, "नित्या, गोवऱ्या कुठायत?"

लिटल इंडियातून गोवऱ्या आणायचं काम माझं होतं. आईनं तीनदा आठवण केली होती. मी तिन्ही वेळा हो म्हणालो होतो. नऊला गुरुजी येणार, त्यांना पुढे बाराला पार दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगमध्ये दुसरी पूजा. मला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात टॅन अंकल, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हातांवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी धरून. म्हणाले, आजच्या दिवसासाठी आणलंय, युन्नानचं आहे, तीस वर्षं जपून ठेवलं होतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला काय सांगायचं, तुला माहितीच आहे." मी म्हणालो, "अर्थात, अंकल." ते म्हणाले, थोड्या वेळानं येतो.

कागदावर सगळी चिनी अक्षरं. उघडून बघतो तर काय! गोल, चपटी, तपकिरी, काड्याकाड्यांची, मातीसारख्या वासाची. मागच्या बाजूला हातानं दाबल्यासारखा खळगासुद्धा होता. मी मनात म्हटलं, वा रे अंकल! हे लोकही पूर्वजांसाठी काय काय जाळतातच, यांच्याकडे गोवरी का नसावी? युन्नानला डोंगर आहेत, डोंगरात गाई असणारच. गोवरी आईपुढे ठेवली आणि म्हटलं, घे, खास चीनहून मागवलीय.

आईनं ती बत्त्यानं फोडायला घेतली तर लवकर फुटेना. चिनी असून टिकाऊ आहे, म्हणाली. गुरुजींना पुढच्या पूजेची घाई, त्यांनी तूप जरा सढळ हातानं सोडलं आणि होम पेटला. आणि काय सुवास सुटला म्हणता! गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले, इतकी शुद्ध गोवरी सिंगापुरात कधी मिळाली नाही. मी नुसता फुलून गेलो होतो.

होम संपतोय तोच टॅन अंकल आले, हातात छोटी मातीची किटली आणि चार चिमुकले कप. दारातच डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला. त्यांना तो वास फार आवडला. इतकं छान काय जाळलंत, म्हणून विचारलं.

मी छाती फुगवून म्हणालो, "तुमचंच की, अंकल!"

अंकलनी होमकुंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हातातल्या किटलीकडे. आणि खुर्चीवर बसत अगदी शांतपणे म्हणाले, "तो चहा होता."

पु-एर म्हणतात त्याला. युन्नानचा चहा, भाकरीसारखा दाबून करतात आणि वर्षानुवर्षं मुरवतात. दुकान उघडलं तेव्हा ठेवलेली ही शेवटची वडी, चहातलं कळणारा कुणी भेटला की त्याच्यासोबत प्यायची, म्हणून त्यांनी सांभाळली होती. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. समोरचं दार आता आपल्यासाठी बंद झालं, असंच वाटलं.

आईला इंग्रजी येत नाही, पण चेहरे वाचता येतात. ती उठून आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. आत अर्धी वडी! म्हणाली, "एवढी चांगली गोवरी एकदम कशाला जाळायची? सत्यनारायणाला ठेवली होती."

अंकल इतके हसले, इतके हसले की गुरुजींची दुसरी पूजा लांबली. मग त्यांनी स्वतः चहा केला, पहिलं पाणी ओतून दिलं आणि दुसऱ्या पाण्याचा पहिला कप आईला दिला. आई घोट घेऊन म्हणाली, छान आहे, पण वास गोवरीचाच आहे. मी भाषांतर करून सांगितलं, आईला फार आवडला. झालं! आता आमच्या फोडणीलाही अंकल खोकत नाहीत. पुढचा होम कधी, असं तेच विचारतात. आख्ख्या ब्लॉकमध्ये आहे कुणाचा असा शेजार?

आणि मी काय एकदा ठेच लागून न शिकणारा माणूस आहे? दिवाळीला अंकलनी पुन्हा एक डबा दिला. वर चिनी अक्षरं, आत तपकिरी भुगा. या वेळी मी देवघराकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गॅसवर पाणी ठेवलं, पहिलं पाणी अंकलसारखं ओतून दिलं, दोन कप चवीचवीनं प्यालो आणि ऐटीत मेसेज केला: अंकल, ओळखला! वुयीचा खडकातला, लाकडाच्या वासाचा.

लगेच उत्तर आलं.

"दॅट वन चंदन लाह. तुझ्या देवासमोर जाळायला."